तात्पुरत्या आधाराचें गणित

ज्या कुटुंबांच्या शेजारीं नवी इमारत उभी राहत आहे, त्यांना एक दृश्य चांगलेंच परिचयाचें असतें. स्लॅब ओतण्यापूर्वीं त्याच्या खालीं बल्ल्यांचें किंवा लोखंडी नळ्यांचें एक दाट रान उभें राहतें. त्यावर फळ्या येतात, फळ्यांवर सळयांची जाळी बसते, आणि मग एके दिवशीं सकाळपासून काँक्रीट पडूं लागतें. कांहीं आठवड्यांनीं तें रान नाहींसें होतें आणि पुन्हा त्याची आठवणहि कोणास राहत नाहीं. घर घेणारा गृहस्थ लादी, रंग, खिडक्या, नळ या सर्वांची चौकशी मोठ्या बारकाईनें करतो. परंतु त्या बल्ल्या किती होत्या, एकेकीवर केवढा भार येणार होता आणि त्याचा हिशेब कोणीं केला होता, हा प्रश्न त्याला सुचत नाहीं. त्याला दोष देतां येत नाहीं. जी वस्तु राहावयाचीच नाहीं तिच्यासाठीं डोकें शिणवावें असें माणसाला स्वभावतःच वाटत नाहीं. आणि दुःखाची गोष्ट अशी कीं, ज्यांचें तें कामच आहे त्यांनाहि तें कधीं कधीं वाटत नाहीं.

वस्तुतः पुरें झालेलें बांधकाम आणि उभारणी चालू असलेलें तेंच बांधकाम, या गणिताच्या दृष्टीनें दोन निराळ्या वस्तु होत. एक लांब काठी दोन स्टुलांवर आडवी ठेवून मध्यें दाबली, तर तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. तीच काठी एका टोकाला मुठींत धरून पुढें केली, तर वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. काठी तीच, वजनहि तेंच. बदलली ती फक्त आधाराची जागा, आणि तेवढ्यानें ओढीच्या जागीं दाब व दाबाच्या जागीं ओढ आली. पोलादी पुलाचा गाळा दोन खांबांवर नीट बसल्यानंतर पिढ्यान् पिढ्या जें ओझें वाहणार असतो, त्याचा हिशेब त्याच्या नकाशांबरोबर तयार होतो. परंतु तोच गाळा पाण्यावर तुकड्यातुकड्यांनीं पुढें सरकत असतां त्याची अवस्था मुठींतल्या काठीसारखी असते, आणि प्रत्येक नवा तुकडा जोडला गेला कीं तें गणित पुन्हा बदलतें. पुष्कळ पुलांची सर्वांत कठीण परीक्षा, त्यांवरून पहिली गाडी जाण्यापूर्वींच होऊन गेलेली असते.

नदी उथळ असेल तर गाळ्याच्या खालीं सर्वत्र परांची उभारतां येते आणि पुलाचे तुकडे तिच्यावर मांडून जोडतां येतात. पाणी खोल असेल, खालून जहाजें जात असतील, तर तें शक्य नसतें. तेव्हां एका खांबापासून पुढच्या खांबाकडे पुलाचा हात वाढवीत न्यावयाचा, त्या हातावरच क्रेन चालवावयाचा, आणि क्रेननें आणखी पुढचा तुकडा उचलून टोकाला जोडावयाचा, अशी रीत आहे. हात फार लांबला तर तो आपल्याच वजनानें मोडेल. म्हणून वाटेंत एखाद्या सोयीच्या जागीं पाण्यांतून एक तात्पुरता पोलादी आधारस्तंभ वर आणतात. पुलाचा प्रचंड भार या स्तंभाच्या माथ्यावर अगदीं थोड्या जागेंत उतरतो. मऊ जमिनीवर कपाट ठेवतांना त्याच्या पायाखालीं आपण फळी सारतों, त्याच न्यायानें येथें पोलादी तुळया एकमेकींना लगटून मांडतात, आणि त्यांच्या खालीं आडव्या दिशेनें दुसरा थर घालतात. एकवटलेला भार या थरांतून पसरत पसरत खालच्या पायांवर जावा हा हेतु. गाळा पुढच्या खांबावर टेकला कीं स्तंभ, तुळया, सगळें काढून दुसऱ्या कामावर न्यावयाचें.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर शहर आणि त्याच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याची वस्ती यांच्यामध्यें बरार्ड नांवाची समुद्राची खाडी आहे. ही खाडी दोन ठिकाणीं अरुंद होते. त्यांतल्या आंतल्या जागेला 'सेकंड नॅरोज', म्हणजे दुसरी चिंचोळी वाट, असें म्हणतात. तेथें १९५० नंतरच्या दशकांत मोटारींसाठीं सहा पदरी रस्त्याचा एक मोठा पोलादी पूल बांधावयास घेतला गेला. त्याचा मधला गाळा ११०० फूट, म्हणजे सुमारें ३३५ मीटर लांबीचा. काम उत्तरेच्या बाजूनें पुढें सरकत होतें. मधल्या गाळ्याच्या अलीकडचा, मोजणीनें पांचवा गाळा, वर सांगितलेल्या रीतीनें पाण्यावरून वाढत चालला होता, आणि त्याच्या खालीं तात्पुरता आधारस्तंभ उभा होता.

१९५८ सालच्या जून महिन्याची १७ वी तारीख. दुपारीं कामगार आपापल्या जागीं असतां त्या स्तंभाच्या माथ्यावरील तुळया एकाएकीं वळल्या, आधार नाहींसा झाला आणि पांचवा गाळा खाडींत कोसळला. पडतां पडतां त्यानें मागच्या खांबाला असा हिसका दिला कीं, आधींच पुरा झालेला चौथा गाळाहि खालीं आला. पुलावरील ७९ माणसें सुमारें ३० मीटर उंचीवरून पाण्यांत व पोलादाच्या ढिगांत पडलीं. त्यांपैकीं १८ जण मृत्यु पावले. कामगारांच्या कमरेला जड हत्यारांचे पट्टे होते, आणि त्या वजनामुळें कित्येकांना पाण्यावर येतां आलें नसावें असें मानलें जातें. पुढें प्रेतांचा शोध घेतांना एक पाणबुड्याहि बुडाला आणि मृतांची संख्या १९ झाली.

वादळ नव्हतें, भूकंप नव्हता, जहाज येऊन आदळलें नव्हतें. मग झालें काय? चौकशीसाठीं सरन्यायाधीश शेरवुड लेट यांचा आयोग नेमण्यांत आला. तज्ज्ञांनीं पडलेलें पोलाद तपासलें, नकाशे तपासले, आणि तपासतां तपासतां ते गणिताच्या एका लहानशा कागदापाशीं येऊन थांबले. आधारस्तंभाच्या माथ्यावरील तुळया पुरेशा आहेत कीं नाहींत हें ज्यावर ठरविलें होतें तो हा कागद. त्यांत दोन चुका होत्या. आणि त्या समजण्यास उच्च गणिताची मुळींच आवश्यकता नाहीं.

पोलादी तुळईचा छेद इंग्रजी 'आय' या अक्षरासारखा असतो, हें रेल्वेच्या स्टेशनावर छपराकडे पाहणाऱ्या कोणासहि ठाऊक असेल. वर एक आडवी पट्टी, खालीं एक आडवी पट्टी, आणि दोहोंना जोडणारा मध्यें एक उभा पत्रा. यांची कामें वाटलेलीं असतात. तुळई वांकूं लागली म्हणजे तिला सांवरण्याचें काम मुख्यतः आडव्या पट्ट्या करतात. परंतु एका बाजूनें भार खालीं रेटतो आणि लगतच आधार वर रेटतो, तेव्हां कातरीच्या दोन पात्यांमध्यें सांपडलेल्या कागदासारखी तुळईची स्थिति होते. या कातरणाऱ्या ताणाला तोंड देण्याचें काम जवळजवळ सर्वस्वीं त्या उभ्या पत्र्याचें आहे. आडव्या पट्ट्या तेथें नांवापुरत्याच.

व्हँकूव्हरच्या तुळया सुमारें ३६ इंच उंचीच्या होत्या. उभ्या पत्र्याची जाडी सुमारें ०.६५ इंच, म्हणजे त्याच्या छेदाचें क्षेत्रफळ साडेतेवीस चौरस इंचांच्या आसपास. आडव्या पट्ट्या धरून साऱ्या तुळईच्या छेदाचें क्षेत्रफळ मात्र सुमारें ४७ चौरस इंच, म्हणजे बरोबर दुप्पट. कातरणारा ताण काढतांना भाराला साडेतेवीसानें भागावयाचें होतें. कागदावर भागलें होतें तें ४७ नें. समजा, एका तुळईवर कातरणारा भार २०० टन आहे. सत्तेचाळीसानें भागलें तर चौरस इंचाला सवाचार टन येतात आणि मन निश्चिंत होतें. साडेतेवीसानें भागलें तर साडेआठ टन येतात, आणि इंजिनीअर खुर्चींत सरळ होऊन बसतो. भार खोटा नव्हता, भागाकारहि चुकला नव्हता. भाजक तेवढा दुसऱ्याचा घेतला होता.

दुसरी चूक हिच्याच कुळांतली. पत्र्यावर वरून दाब आला म्हणजे तो चिरडण्यापूर्वींच बाजूला फुगून वळण्याचें भय असतें. घरांत सहज करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे. एक पोस्टकार्ड मेजावर कडेवर उभें धरून वरून हलकेंच दाबावें. पुठ्ठा चुरडत नाहीं, पण कार्ड पोटांतून बाहेर येतें आणि बसतें. आतां त्याच कार्डाला मधोमध उभी घडी घालून कोन करावा आणि पुन्हा दाबावें; तें कितीतरी अधिक वजन निमूटपणें सोसतें. तुळईच्या उभ्या पत्र्याला दोहों बाजूंनीं लहान उभ्या पट्ट्या जोडतात त्या याच कारणासाठीं. त्यांना फार पोलाद लागत नाहीं, खर्च थोडका असतो. पण त्या आहेत किंवा नाहींत यावर पत्रा उभा राहणें किंवा वळणें अवलंबून राहतें. अशा पट्ट्या येथें लागतील काय, हें पाहतांना त्या कागदावर पत्र्याची जाडी म्हणून ०.६५ इंच घेण्याऐवजीं आडव्या पट्टीची जाडी, सुमारें एक इंच, घेतली गेली होती. वळण्याला होणारा पत्र्याचा विरोध त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणें बदलतो. जाडी एकाच्या जागीं ०.६५ झाली तर तो विरोध ०.६५ नें उतरत नाहीं, तो २७ शतांशांवर, म्हणजे चौथाईच्या किंचित् वर येऊन ठेपतो. कागदावर चार माणसें उभीं होतीं; प्रत्यक्षांत एक होतें. त्या कागदाप्रमाणें उभ्या पट्ट्यांची गरज दिसली नाहीं, म्हणून त्या बसविल्या गेल्या नाहींत. शेजारशेजारच्या तुळया एकमेकींना आडव्या तुकड्यांनीं पुरेशा जखडल्याहि गेल्या नव्हत्या. या दोन उणीवांमुळें वरच्या थरांतील तुळयांचे पत्रे वळले, हेंच चौकशींत अपघाताचें कारण ठरलें. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील अध्यापक अलेक्झांडर ह्रेनिकॉफ यांनीं १९५९ सालीं या अपघाताचें सविस्तर विवेचन प्रसिद्ध केलें, आणि तें पुढें इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा विषय झालें.

पोलादी तुळयांचीं मापें छापील कोष्टकांत एकाच ओळींत दिलेलीं असतात: उंची, पट्टीची रुंदी, पट्टीची जाडी, पत्र्याची जाडी, क्षेत्रफळ. नजर एक घर सरकली कीं पत्र्याच्या जागीं पट्टी येते. असें चुकणें हें मूर्खपणाचें लक्षण नव्हे. रोज हजार आंकडे हातांखालून घालणाऱ्या कोणत्याहि माणसाकडून तें होऊं शकतें, आणि म्हणूनच तपासणीची पद्धत अस्तित्वांत आहे. या कागदाचीहि तपासणी झालेली होती. तो करणारा इंजिनीअर आणि तपासणारा इंजिनीअर हे दोघेहि त्या दुपारीं पुलावर होते, आणि दोघेहि गेले. आपल्या गणितावर त्यांचा किती विश्वास होता, याचें याहून निराळें प्रमाण मागण्याची गरज नाहीं. त्यांची नांवें घेऊन कोणी त्यांना आज बोल लावावा असेंहि नाहीं.

मात्र तपासणीसंबंधानें एक गोष्ट स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. दुसऱ्यानें केलेलें गणित समोर ठेवून त्याच्या ओळीखालून बोट फिरवीत जाणें, याला पुष्कळ कचेऱ्यांतून तपासणी म्हणतात. अशा तपासणींत बेरीज-वजाबाकीची चूक सांपडते. परंतु आंकडा मुळांत कोठून उचलला, तो तेथें कां घातला, ही चूक सांपडत नाहीं. कारण वाचणाऱ्याचें मन लिहिणाऱ्याच्याच चाकोरींतून चालूं लागतें. खरी तपासणी करणाऱ्यानें पहिला कागद मिटून बाजूला ठेवावा, नकाशा घ्यावा, कोष्टक उघडावें, आणि कोऱ्या कागदावर आरंभ करावा. दोन उत्तरें जुळलीं तर ठीक. न जुळलीं तर दोघांनीं समोरासमोर बसावें. यांत वेळ दुप्पट जातो हें खरें. चार तुळयांसाठीं एवढा वेळ कशाला, असें म्हणणारा मुकादम प्रत्येक कामावर असतो, आणि त्याचें म्हणणें त्या दिवसापुरतें नेहमींच शहाणपणाचें वाटतें.

आयोगापुढें आलेली दुसरी गोष्ट जबाबदारीची होती. पुलाचा आराखडा करणारे सल्लागार निराळे आणि तो उभारणारे कंत्राटदार निराळे, अशी जगभर वहिवाट आहे. कायमच्या पुलाचा प्रत्येक बोल्ट दोन्ही पक्षांच्या डोळ्यांखालून जातो. तात्पुरता आधार मात्र कंत्राटदाराचा खाजगी मामला समजला जातो. ज्यानें पूल उभारावयाचा त्यानेंच तो कसा उभारावा हें ठरवावें, हें तत्त्व त्याच्या मुळाशीं आहे आणि तें अयोग्यहि नाहीं. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, ज्या वस्तूवर सारा पूल कांहीं आठवडे उभा राहणार, तिच्याकडे पाहणारे डोळे निम्मेच उरतात. व्हँकूव्हरला या आधाराचे नकाशे सल्लागारांकडे जावयास हवे होते. ते गेले नाहींत, आणि ते मागितलेहि गेले नाहींत.

त्याच देशाच्या पूर्व भागांत, क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर, याहून जुना आणि याहून भयंकर अनुभव येऊन गेला होता. १९०७ सालच्या ऑगस्टच्या २९ तारखेस तेथील पुलाचा अर्धवट वाढलेला हात कोसळून ७५ कामगार ठार झाले. तो दोष मुख्यतः कायमच्या पुलाचा होता: गाळ्याची लांबी वाढविली, पण वाढलेलें वजन गणितांत वेळेवर धरलें गेलें नाहीं, आणि दाबाखालचे खालचे भाग कमजोर राहिले. नवा पूल पुष्कळ अधिक जड आणि भक्कम करण्यांत आला. त्याचा सुमारें ५,००० टनांचा मधला भाग काठावर जोडून, तराफ्यांवरून आणून, जॅकनीं वर उचलावयाचा होता. १९१६ सालच्या सप्टेंबरच्या ११ तारखेस तो उचलला जात असतां निसटला आणि नदीच्या तळाशीं गेला. आणखी १३ माणसें मेलीं. या वेळीं पुलाच्या गणितांत खोट नव्हती. उचलण्यापुरता एका कोपऱ्याखालीं जो ओतीव पोलादाचा आधार ठेवला होता, तो फुटला होता. पहिल्या संकटानंतर सर्वांचें लक्ष पुलाकडे लागलेलें, आणि दुसरें संकट आलें तें पुन्हा त्या 'कांहीं तासांपुरत्या' तुकड्यांतून. १९१७ सालीं तसाच नवा भाग उचलून बसविण्यांत आला आणि तो पूल आजहि उभा आहे.

तेव्हां तात्पुरत्या आधाराची तपासणी कशी व्हावी? पहिला प्रश्न भार किती, हा नसून भार केव्हां किती, हा आहे. खांबापासून १०० फुटांवर तात्पुरता आधार आहे आणि पुलाच्या हाताचें वजन फुटाला एक टन आहे असें धरूं. हात नुकता आधारापर्यंत पोंचला तेव्हां १०० टनांपैकीं ५० खांबावर आणि ५० आधारावर. आतां तो आणखी ५० फूट पुढें गेला. एकूण वजन १५० टन झालें. म्हणजे ५० टनांची भर पडली. सामान्य मनुष्य म्हणेल, फार तर हे सगळे पन्नास आधारावर गेले असतील, म्हणजे तेथें १०० झाले. प्रत्यक्षांत तेथें साडेबारा टन जास्त, म्हणजे ११२ टन आणि वर अर्धा, इतका भार येतो. कारण पुढें गेलेला हात तरफेसारखा वागतो आणि मागच्या खांबावरचें ओझें उचलून आधारावर टाकतो. टोकाशीं उभा असलेला २० टनांचा क्रेन आधाराच्या दृष्टीनें ३० टनांचा होतो. म्हणून उभारणीचा प्रत्येक टप्पा निराळा मांडून, क्रेन कोठें, उचललेला तुकडा कोठें, हें ठरवून, सर्वांत वाईट क्षण कोणता तो शोधावा लागतो. बहुधा तो शेवटच्या टप्प्याच्या किंचित् आधीं असतो. पुढच्या खांबावर हात टेकला कीं आधार हलका होतो.

सर्वांत मोठा भार कळला म्हणजे त्याच्या मागोमाग वरून खालीं उतरत जावें. पुलाचा पाय, त्याखालचें पॅकिंग, तुळयांचा वरचा थर, खालचा थर, स्तंभाचे पाय, त्यांचे तिरपे ताण, तळाची बैठक, आणि शेवटीं समुद्रतळांत ठोकलेले खुंट: ही सांखळी जेथें जेथें एका वस्तूवरून दुसरीवर जाते, तेथें तेथें थांबलें पाहिजे. मोडतोड प्रायः अशा सांध्यांवरच होते. चार तुळया शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे प्रत्येकीवर चौथा हिस्सा येईल, हें कागदावरचें न्यायदान आहे. बैठक केसभर उंचसखल असेल तर दोघीच ओझें घेतात आणि दोघी पाहत उभ्या राहतात. मधें लांकडी पॅकिंग किंवा चिपा घातल्या असतील तर त्या कोठें दबतील, भार तुळईच्या मधोमध उतरेल कीं कडेला, हेंहि पाहावें लागतें. तुळया कडेला कलंडूं नयेत म्हणून त्यांना आपसांत बांधलें आहे काय? दुसऱ्या कामावरून आणलेल्या जुन्या तुळया असतील तर त्यांत कापलेलीं भोकें, गंज, वांक किती? नव्या पुलासाठीं कारखान्यांतून कोरें पोलाद येतें. तात्पुरत्या आधारासाठीं पुष्कळदां वखारींतलें जें हातीं लागेल तें येतें.

भार नेहमीं सरळ खालींच जातो असेंहि नाहीं. वारा बाजूनें ढकलतो. क्रेन थांबतांना धक्का देतो. स्तंभ ओळंब्याला तंतोतंत नसतो. आणि उन्हानें पोलाद वाढतें. शंभर मीटर लांबीचा पोलादी हात २५ अंश सेल्सिअस तापला तर सुमारें तीन सेंटिमीटर लांबतो आणि आधाराचा माथा आपल्याबरोबर ओढूं पाहतो. वरच्या तुळयांचा पत्रा जर आधींच वळण्याच्या बेतांत असेल, तर एवढें ओढणें त्याला निमित्ताला पुरतें.

कागदावरचें काम संपलें तरी जागेवरचें उरतेंच. नकाशांत उभ्या पट्ट्या दाखविल्या आहेत. त्या वेल्डरनें बसविल्या आहेत काय, हें कोणीतरी वर चढून पाहिलें पाहिजे. जॅकवर आधार टेकविला असेल तर जॅकच्या तेलाच्या दाबावरून खरा भार किती तो वाचतां येतो, आणि तो गणिताशीं ताडतां येतो. ही सोय असून न वापरणें म्हणजे दाराशीं वजनकांटा असतां अदमासानें धान्य विकण्यासारखें आहे. ओळंबा व पाणसळ लावून माथा किती सरकला, बैठक किती खचली, याची नोंद रोज, शक्य तर प्रत्येक टप्प्याला व्हावी. आतां पोलादाला चिकटवितां येणारीं विजेचीं ताणमापकें आहेत आणि गणितासाठीं संगणक आहेत. संगणक भागाकार चुकत नाहीं. परंतु त्याला पत्र्याऐवजीं पट्टीची जाडी सांगितली तर तो ती तितक्याच निष्ठेनें वापरील. शिवाय बारीक पत्र्याचें वळणें हा मोठा कपटी प्रकार आहे. लांकूड कुरकुरतें, वीट भेगाळते. पत्रा मात्र क्षणापूर्वीपर्यंत सरळ असतो आणि दुसऱ्या क्षणीं नसतो. इशारा मिळेल मग पाहूं, हें धोरण तेथें चालत नाहीं.

ब्रिटनमध्यें अशा आधारांच्या अपघातांची चौकशी करण्यासाठीं ब्रॅग समिति नेमली गेली आणि तिचा अंतिम अहवाल १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. तिनें सुचविलेल्या गोष्टींपैकीं एक अगदीं साधी होती: प्रत्येक कामावर तात्पुरत्या बांधकामाची एकंदर जबाबदारी नांवानिशीं एका माणसावर असावी, आणि आराखडा झाला, तपासला, जागेवर पाहिला, या तिन्ही गोष्टींची खात्री करून घेतल्याखेरीज भार चढविण्याची परवानगी त्यानें देऊं नये. १९८२ सालीं निघालेल्या ब्रिटिश मानकांत याला रूप आलें. वारा असो नसो, उभ्या भाराच्या किमान अडीच टक्के इतका आडवा रेटा आधारानें सोसला पाहिजे, असाहि नियम त्यांत आला. भारतांत रस्त्यांवरील पुलांच्या तात्पुरत्या कामांसाठीं इंडियन रोड्स काँग्रेसची ८७ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. नियमांची उणीव आज कोठेंच फारशी नाहीं. तुळया मांडण्याच्या दिवशीं ते कपाटांतून बाहेर निघतात कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो.

व्हँकूव्हरच्या खाडींतून पडलेलें पोलाद काढून पूल पुन्हा बांधण्यांत आला आणि १९६० सालच्या ऑगस्टच्या २५ तारखेस तो वाहतुकीसाठीं खुला झाला. १९९४ सालीं, तेथें प्राण गमावलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ, त्याच्या नांवांत 'आयर्नवर्कर्स मेमोरिअल' हे शब्द घालण्यांत आले. दरवर्षीं १७ जूनला तेथें त्यांचें स्मरण करतात.